पूर्वेच्या कुंपणातली करवंदं

मंगळवार, १४ मे १९४०. सकाळी साडेनऊ वाजता भोरच्या बाजारात गंगाधरपंतांनी पारूबाईच्या पाटीतलं एक करवंद उचललं, दातांनी अर्धं तोडलं, उरलेलं अर्धं चिमटीत धरून उजेडाकडे वळवलं आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"कोंबडा. हे माझ्या कुंपणाचं फळ आहे."

करवंद फोडल्यावर आत तांबडं निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा त्या मुलखातल्या पोरासोरांचा खेळ. त्या खेळावरून कुणी कुणाला चोर ठरवल्याचं तोवर बाजारात कुणी पाहिलं नव्हतं.

पारूबाई साठीची. राजगडाच्या अलीकडच्या डोंगरधारेवर दहा-बारा घरांचा धनगरवाडा आहे, तिथली. शुक्राची चांदणी वर आली की निघायची आणि नऊच्या सुमाराला पाटी घेऊन बाजारात चिंचेखाली बसायची. तिच्या उजव्या हाताला रखमाजी दावी, कासरे आणि दोरखंड मांडून बसे. ही दोघांची जागा वर्षानुवर्षांची.

"काय म्हनता, रावसाहेब?" पारूबाईनं विचारलं.

"माझं पूर्वेकडचं कुंपण कुणीतरी झोडपून नेलंय. एक पिकलेलं फळ मागं ठेवलेलं नाही. आणि तू सकाळी आमच्या मागच्या बोळातून आलीस. मी पाहिलंय."

"दर बाजारी त्याच बोळातनं येते की. नदीवरनं वर यायला तीच वाट हाय."

"मग हे कोंबडे कुठले? दुसऱ्या कुणाची पाटी बघ. दहात सहा-सात तरी कोंबड्या निघतील. माझ्या कुंपणाला कोंबडी लागतच नाही. मी फोडून पाहिलंय."

"कोंबड्याची साक्ष काडताय व्हय रावसाहेब?" रखमाजी म्हणाला. "बघा हां, उद्या आरवायचा कचेरीत."

लोक हसले. हसले म्हणून गंगाधरपंतांना माघार घेता येईना. त्यांनी पाटीतली आणखी सहा करवंदं काढली, एकेक फोडली आणि रखमाजीच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर ओळीनं मांडली. सातही तांबडी. मग कुणी हसलं नाही.

पारूबाई त्या सात फोडींकडे पाहत राहिली. मग तिनं गंगाधरपंतांकडे पाहिलं. थोडा जास्तच वेळ पाहिलं. समोरच्या माणसाला काहीतरी आठवेल म्हणून वाट बघावी, तसं.

"म्या डोंगरातनं आनलीत," ती म्हणाली.

"कुठल्या डोंगरातनं?"

"तुमाला ठावं हाय कुठल्या."

हा उद्धटपणा आहे असं गंगाधरपंतांना वाटलं. "मला कसं ठाऊक असणार?" ते म्हणाले.

पारूबाई पुढे झाली. त्यांच्या हातातली कापडी पिशवी तिनं ओढून घेतली, तोंड उघडलं, आणि पाटी कलती करून सगळी करवंदं आत ओतली. तळाला चिकटलेली दोन-तीन बोटानं सोडवून तीही टाकली.

"तुमची हाईत तर तुमच्या घरी जाऊ द्या," म्हणाली. रिकामी पाटी डोक्यावर उपडी घातली आणि पुलाच्या दिशेनं निघून गेली.

गंगाधरपंतांनी ती पिशवी घरी नेली. पुढे त्यांना सगळ्यात जास्त सलत राहिलं ते हेच. चूक नंतर कळली, ते खरं. पण पिशवी तिथंच खाली ठेवता आली असती. त्यासाठी काही कळायची गरज नव्हती.

गंगाधरपंत संस्थानच्या कचेरीत दप्तरखान्यावर कारकून होते. जमिनीच्या चतुःसीमा लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठल्या शेताच्या उत्तरेला ओढा, दक्षिणेला कुणाचा बांध, हे ते कागद न उघडता सांगत. त्यांच्या स्वतःच्या परसाच्या पूर्वेला मात्र बरीच वर्षं धड सीमा नव्हती. पूर्वी तिथं फड्या निवडुंग होता. किडीनं सगळ्या मुलखातला निवडुंग वाळून गेला तसा तोही गेला, आणि बोळातली गुरं सरळ आत येऊन त्यांच्या पत्नी सरोजबाईंचं वांगं-भेंडी खाऊन जाऊ लागली. तेव्हा गंगाधरपंतांनी करवंदीचं कुंपण करायचं ठरवलं. काटा जोडीनं येतो, पाला बारमाही राहतो, पाणी घालावं लागत नाही, आणि फळ मिळतं ते वेगळंच.

१९३४ साली लावलेलं ते कुंपण या उन्हाळ्यात पहिल्यांदा भरून आलं होतं. पुरुषभर उंच, आतून मांजर जाणार नाही इतकं दाट. माघात फुललं तेव्हा वास कचेरीच्या वाटेपर्यंत यायचा. चैत्रात हिरवी करवंदं धरली, मग ती लालसर झाली, मग काळी होऊ लागली. गंगाधरपंत रोज सकाळी चूळ भरून कुंपणाशी जात आणि दोन-चार फोडून पाहत. सगळी तांबडी निघत. ही गोष्ट त्यांनी कचेरीत चार जणांना तरी सांगितली होती. जणू आतला रंग त्यांनीच भरला होता.

सोमवारी, १३ तारखेला, ते कामासाठी किकवीला गेले होते. परतायला दिवेलागण झाली. जेवून झोपले. मंगळवारी जरा उशिरानं, साडेआठला, कुंपणाशी गेले तर पूर्वेची सगळी बाजू मोकळी. सरोजबाई धुणं घेऊन नदीवर गेल्या होत्या. तेवढ्यात बोळातून पारूबाई पाटी घेऊन गेली. कुंपणावरून फक्त तिची पाटी दिसली, वर पानं झाकलेली. गंगाधरपंतांनी अंघोळ केली, टोपी घातली, पिशवी घेतली.

सव्वादहाला ते घरी आले तेव्हा सरोजबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"आणखी कशाला आणलीत? काल दोन पाट्या उतरवल्या तेवढ्या पुरे नव्हत्या का?"

"कुणी उतरवल्या?"

"मी. दुपारी मोटरवाल्याबरोबर शिवऱ्याला वन्संकडे पाठवल्या. त्यांनी लोणच्याला अन् पाकाला मागितली होती ना. हात बघा माझे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मनगटापर्यंत ओरखडे होते आणि बोटांवर चिकाचे काळे डाग. "रात्री सांगणार होते, तर तुम्ही पानावरून उठलात ते थेट अंथरुणावर."

गंगाधरपंत पाटावर बसले. सरोजबाईंनी एक करवंद तोंडात टाकलं आणि अर्ध्यावर थांबल्या.

"हे पारूबाईचं. त्याच जाळीचं."

"कुठल्या जाळीचं?"

"अहो, आपल्या कुंपणाचं बी कुठलं? तिनंच दिलं नव्हतं का?"

गंगाधरपंतांनी कोनाड्यातली बागेची वही काढली. कुठलं रोप कधी लावलं, कधी छाटलं, हे ते त्यात लिहीत. १९३४च्या मे महिन्यातली ओळ त्यांच्याच सुबक अक्षरात होती: 'पारूबाई धनगरीण हिने आणिलेल्या करवंदांचे बी आजच पेरिले. एकाच जाळीचे. सर्व कोंबडा.'

मग सगळंच आठवलं. ती दारावर आली होती. ह्याचं बी उगवेल का म्हणून त्यांनी विचारलं होतं. "उगवंल की. पर वाळवाल तर मरंल. आज खाल्लं, आज मातीत," ती म्हणाली होती. आणि पुढच्या मंगळवारी पळसाच्या पानांत बांधलेला वेगळा पुडा घेऊन आली होती. "ही आमच्या वाड्यामागच्या जाळीची. सगळी कोंबडा. म्या सून म्हनून आले तवापासनं तिचं खाते. लावायचं तर चांगलं बी लावा." पुड्याचं तिनं काही घेतलं नव्हतं. वर तीन वर्षं येता-जाता बोळातूनच सांगायची: रोपं दीड हातावर लावा, काटा धरेस्तोवर शेरडांपासनं राखा, दाट व्हायला हवं तर शेंडा खुडा.

तिनं म्हटलं होतं, तुमाला ठावं हाय कुठल्या. ते खरंच ठाऊक होतं. लिहून ठेवलं होतं.

"काय झालं?" सरोजबाईंनी विचारलं. त्यांनी सांगितलं. सरोजबाईंनी तोंडातलं करवंद गिळलं, बी हातात काढलं. मग म्हणाल्या, "पुलापर्यंतच गेली असेल. जा."

गंगाधरपंत गेले नाहीत. ऊन झालं होतं, कचेरीची वेळ झाली होती, आणि पुलावर ओळखीची माणसं असतात. यातलं कुठलं कारण खरं होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

ती करवंदं घरात कुणी खाल्ली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास सुटला आणि गांधीलमाश्या येऊ लागल्या, तेव्हा गंगाधरपंतांनी ती कुंपणाच्या बुडाशी पुरली.

बुधवारी कचेरीत पाय ठेवला तर शिरस्तेदार नारायणराव वाटच बघत होते.

"या, गंगाधरपंत. काल म्हणे कोंबड्यानं चोर पकडून दिला?"

सगळे हसले.

"दप्तरी नोंद हवी याची. साक्षीदार क्रमांक एक: कोंबडा. वय अर्धा मोसम. धंदा, कुंपणावर बसणे."

आणखी हसले. गंगाधरपंतही हसले. ते हसले तेव्हा, पारूबाईनं चोरी केलेली नाही हे त्यांना कळून चोवीस तास उलटून गेले होते. नारायणरावांनी ती गोष्ट त्या आठवड्यात निदान तीनदा सांगितली. एकदा वाईहून आलेल्या पाहुण्यांना, गंगाधरपंतांना मुद्दाम बोलावून घेऊन. पाहुणे म्हणाले, हुशारी म्हणतात ती ही. गंगाधरपंतांनी मान खाली घातली. ती विनयानं घातली असं सर्वांना वाटलं.

पुढच्या मंगळवारी, २१ तारखेला, चिंचेखाली पारूबाई नव्हती. गंगाधरपंत लांबून पाहून आले. धारेवरच्या दुसऱ्या दोन बायका होत्या. त्यांच्या पाट्यांतली करवंदं घेण्याआधी एक गिऱ्हाईक विचारत होतं, "कुठल्या डोंगरची ग? का कुणाच्या कुंपनाची?" आणि हसत होतं. त्या बायका हसत नव्हत्या.

रविवारी, २६ तारखेला, गंगाधरपंत पहाटे पाचला घरातून निघाले. सदऱ्याच्या खिशात कागद होता. घडलेली हकीकत त्यात तारीखवार लिहिली होती आणि खाली सही केली होती. साडेनऊला ते धनगरवाड्यावर पोचले. कुत्री अंगावर आली. एका घरातून तिशीची बाई बाहेर आली आणि तिनं कुत्री हाकलली. ती पारूबाईची सून, बयाबाई. तिनं त्यांना ओळखलं असावं. घोंगडी टाकली, पण 'बसा' म्हणाली नाही.

पारूबाई म्हशीची धार काढून आली. हात पदराला पुसत समोर उभी राहिली.

"लई लांब आलात."

"पारूबाई, माझी चूक झाली," गंगाधरपंत म्हणाले. वाटेत त्यांनी बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एवढंच तोंडातून निघालं. "तुम्ही चोरी केलेली नाही. करवंदं आमच्याच घरी उतरवली होती." आजवर ते तिला 'तू' म्हणत आले होते. 'तुम्ही' कसं आलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"हितं कशापायी सांगता?" पारूबाई म्हणाली. "हितं मला कुनी चोर म्हनत न्हाई."

त्यांनी खिशातून कागद काढला. "मी सगळं लिहून आणलंय. सही आहे."

"वाचनार कोन?" बयाबाई म्हणाली. "म्हशी?"

"ए, गप," पारूबाई सुनेला म्हणाली, मग गंगाधरपंतांना: "तवा कागूद आनला न्हवता तुमी. तोंडानं बोलला. आता बी तोंडानं बोला. जितं बोलला तितं."

"बोलतो. या मंगळवारी तुम्ही बाजाराला या. तुमच्यासमोर बोलतो."

"म्या येनार न्हाई. तुमी बोला. मानसं येत्यात-जात्यात, काय बोलला ते मला कळंल. मंग बगू."

बयाबाईनं ताक आणून दिलं. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं. उतरताना वाड्यामागे ती जाळी दिसली. मोठी, जुनी, दगडी बांधावर चढलेली. काळ्या फळांनी लगडली होती. तिच्या जवळून जायला लागू नये म्हणून ते शेताच्या कडेकडेनं गेले.

मंगळवार, २८ मे. साडेनऊ. गंगाधरपंत चिंचेखाली रिकाम्या जागेपाशी उभे राहिले. रखमाजी एका शेतकऱ्याला कासरा ताणून दाखवत होता.

"मला काही सांगायचं आहे," गंगाधरपंत म्हणाले.

"काय म्हनालात? मोठ्यानं बोला रावसाहेब, बाजार हाय ह्यो."

ते मोठ्यानं बोलले. मागच्या बाजारी नव्हे, त्याच्या आधीच्या बाजारी आपण पारूबाईला जे बोललो ते बरोबर नव्हतं. तिच्याबद्दल कुणी मनात काही ठेवू नये. एवढं बोलून थांबले. करवंदं आपल्या बायकोनं उतरवली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. घरची गोष्ट बाजारात कशाला, असं ऐन वेळी वाटलं. बियाचंही सांगितलं नाही.

"म्हंजी माफ केलं म्हना की म्हातारीला," रखमाजी म्हणाला.

"माफ नाही. ते बरोबर नव्हतं, एवढंच."

"मोठं मन हाय," कासरा घेणारा शेतकरी म्हणाला. "न्हाईतर कोन येतंय हितं सांगाया."

दुपारपर्यंत ते कचेरीत पोचलं होतं. "ऐकलं, धनगरणीला सांभाळून घेतलंत," नारायणराव म्हणाले. "बरं केलंत. गरीब बाई."

"तिनं चोरी केली नव्हती, साहेब."

"अहो, तेच. असंच म्हणायचं असतं."

त्या रात्री सरोजबाईंनी विचारलं, "माझं नाव घेतलंत का?" ते म्हणाले, "नाही." "का?" त्यांनी दिवा बारीक केला. "ओरखडे माझ्या हाताला होते," सरोजबाई म्हणाल्या, "लाज तुम्हाला कसली वाटली?"

मंगळवार, ४ जून. बाजारात माणसं थोडी. जो तो पेरणीच्या तयारीला लागलेला. गंगाधरपंत साडेनऊला रखमाजीसमोर खाली बसले. तिथं तो होता आणि भाजीच्या दोन बायका. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. करवंदं बायकोनं उतरवून बहिणीकडे पाठवली, आपण घरी न विचारताच आलो. कुंपणाचं बी पारूबाईनं दिलेलं, तिच्या वाड्यामागच्या जाळीचं. म्हणून तिची करवंदं आपल्यासारखी नव्हती, आपली तिच्यासारखी होती. हे आपल्याच वहीत लिहिलेलं होतं.

भाजीवाल्या बायकांतली एक म्हणाली, "अग बया." रखमाजी हातातल्या दोरीची गाठ सोडवत होता. ती सुटल्यावर त्यानं वर पाहिलं.

"हे तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. सव्वादहाला."

"सव्वादहाला." रखमाजीनं दोरी खाली ठेवली. "तवा ती पुलापलीकडंबी गेली नसंल, रावसाहेब."

"नसेल."

"मंग तीन आठवडं काय करत व्हता?"

गंगाधरपंतांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला. कागदात तारखा होत्या. उत्तर त्यात नव्हतं. रखमाजी म्हणाला, "वरचं कोनी आलं तर सांगतो म्या तिला. बोलला म्हनून. तुमी जा आता, गिऱ्हाईक यायचं हाय."

११ जूनला आणि १८ जूनलाही गंगाधरपंत बाजारात गेले आणि विचारेल त्याला सांगत राहिले. विचारणारे दोघे-तिघेच निघाले. नारायणरावांना त्यांनी कचेरीत, सर्वांसमोर, बियापासून सांगितलं. नारायणराव म्हणाले, "बरं, बरं," आणि समोरचा कागद ओढला. कोंबड्याची गोष्ट कचेरीत त्यानंतर कुणी काढली नाही. बाजारात मात्र ती चालू राहिली, आणि तिच्यातली म्हातारी चोरच राहिली. कारण नुसत्या चुकीची गोष्ट सांगण्यात कुणाला मजा नव्हती.

१९४१च्या उन्हाळ्यात कुंपण पुन्हा भरून आलं. त्या वर्षी ते कुणी उतरवलं नाही. बोळातली पोरं बाहेरून हात घालून खात. गंगाधरपंत माजघरातून ऐकत, कोंबडा, कोंबडा, आणि बाहेर जात नसत.

मंगळवार, ६ मे १९४१. बयाबाई पाटी घेऊन आली. ती चिंचेखाली बसली नाही. पुलाच्या तोंडाशी बसली. गंगाधरपंत तिच्यापाशी गेले.

"पारूबाई बऱ्या आहेत?"

"हाईत."

"रखमाजीनं सांगितलं का त्यांना?"

"आवंदा संक्रांतीच्या बाजाराला सांगितलं. म्या आले व्हते तवा. म्या आत्याबाईस्नी घरी जाऊन सांगितलं समदं."

"मग? काय म्हणाल्या?"

बयाबाईनं पाटीवरची पानं सारखी केली.

"आयकलं म्हनाली."

"येतील का बाजाराला?"

"ते न्हाई बोलली."

त्या दिवशी साडेनऊपासून बारापर्यंत चिंचेखालची जागा रिकामी होती. रखमाजीनं दोरखंडं नेहमीपेक्षा दाटीनं मांडली होती. त्या जागेवर मात्र त्यानं एकही वेटोळं ठेवलं नव्हतं.